डोळ्यांची साथ आणि हातांची शिस्त

जालना जिल्ह्याच्या उत्तरेकडील भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या आसऱ्याने आणि बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीकडील मुलखात वसलेल्या धावडा या गावी, किंबहुना मराठवाड्यातील कोणत्याही गावी, आषाढ-श्रावणाच्या दिवसांत, खरिपाची पिके गुडघ्याला लागलेली असताना आणि दमट हवेमुळे दांडीवरची धुणी दोन-दोन दिवस वाळत नसताना, ‘अमक्याचे डोळे आले’ ही वार्ता ज्या सहजतेने या घरातून त्या घरात जाते, त्याच सहजतेने पुष्कळदा तो रोगही जातो. या रोगाची आपल्याला ओळख नाही असे नाही. लाल झालेले डोळे, पापण्यांवरची सूज, सकाळी उठताच चिकटून बसलेली पाती आणि वाळू गेल्याप्रमाणे होणारी खुपणी ही लक्षणे लहान मुलेही सांगतात. परंतु तो एकाकडून दुसऱ्याकडे कोणत्या वाटेने जातो, याविषयी मात्र लोकांच्या मनात एक जुना समज अद्याप घट्ट बसलेला आहे. तो असा की, डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाहिले म्हणजे आपलेही डोळे येतात. या समजापायी लोक रोग्याची नजर टाळतात, त्याला काळा चष्मा लावायला सांगतात, आणि त्याचाच टॉवेल घेऊन आपले तोंड पुसतात. या लेखात जे सांगावयाचे आहे त्याचे सार एवढेच की, हा रोग डोळ्यांत दिसत असला तरी त्याचा प्रवास हातांनी आणि वस्त्रांनी होतो. आणि ही एक गोष्ट ज्या घराने मनावर घेतली, त्या घरात साथ शिरली तरी ती सगळ्या घराला वेढू शकत नाही.

२०२३ सालचा पावसाळा या बाबतीत महाराष्ट्राच्या चांगलाच स्मरणात राहण्यासारखा आहे. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात पुणे जिल्ह्यातील आळंदी येथे, जेथे वारकरी शिक्षणसंस्थांतून अनेक मुले एकत्र राहतात, एकत्र जेवतात आणि एकाच दालनात शेजारी-शेजारी निजतात, तेथे शेकडो विद्यार्थ्यांचे डोळे आल्याचे उघडकीस आले. आणि पाहता पाहता ही साथ राज्यभर पसरली. जुलैअखेरपर्यंतच्या सरकारी नोंदींत रुग्णसंख्या ८० हजारांच्या पुढे गेलेली होती, आणि त्या नोंदींत सर्वांत मोठा आकडा होता तो धावड्याच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्याचा. ज्या मुलखात बाजार, सोयरीक आणि दवाखाना या तिन्ही कारणांनी माणसे जिल्ह्याची हद्द नित्य ओलांडीत असतात, तेथे साथीने ती हद्द ओलांडली नसेल असे मानण्याला जागा नाही. शिवाय सरकारी दप्तरात दाखल होतो तो दवाखान्याची पायरी चढलेला रुग्ण, आणि डोळे आल्यावर घरीच बसून राहणाऱ्यांची गणती कोणत्याच दप्तरात होत नसते.

या रोगाचे स्वरूप समजून घ्यावयाचे, तर प्रथम ज्या जागी तो होतो ती जागा ओळखली पाहिजे. पापणीच्या आतील बाजूला आणि बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागावर एक अत्यंत तलम, पारदर्शक व ओलसर पडदा पसरलेला असतो. वैद्यकशास्त्रात त्याला नेत्रश्लेष्मला म्हणतात. या पडद्यात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे असते, जे एरवी जवळजवळ दिसत नाही. परंतु जंतूंचा उपसर्ग झाला, धूर गेला अथवा एखाद्या पदार्थाचे वावडे निघाले, म्हणजे त्या वाहिन्या फुगतात, त्यांतून द्रव पाझरू लागतो आणि डोळा लालबुंद होऊन गळू लागतो. डोळ्याला निसर्गाने संरक्षण दिलेले नाही असे नव्हे. अश्रूंमध्ये लायसोझाइम नावाचे एक द्रव्य असते, ज्याचा शोध पुढे पेनिसिलिनमुळे विख्यात झालेल्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी लावला, आणि ते अनेक जिवाणूंच्या भित्तिका विरघळवून टाकते. परंतु विषाणूंवर या द्रव्याची मात्रा फारशी चालत नाही. आणि आपल्याकडील साथीत बहुतेक वेळी गाठ पडते ती विषाणूंशीच.

कारणांप्रमाणे या विकाराचे तीन मुख्य प्रकार पडतात, आणि त्यांची पारख करणे घरच्या माणसालाही काही अंशी साधते. विषाणूंमुळे डोळे आले असता पाण्यासारखा पातळ स्राव सतत वाहतो, बहुधा एका डोळ्यापासून आरंभ होऊन दोन-तीन दिवसांत दुसराही डोळा धरतो, कधी सोबत घसा दुखतो किंवा सर्दी असते, आणि कानाच्या पाळीच्या पुढे बोटाने चाचपले असता दुखरी गाठ लागते. जिवाणूंमुळे आले असता पिवळट, घट्ट चिपडे येतात आणि ती पुसली तरी थोड्याच वेळात पुन्हा साचतात. याच प्रकारच्या एका जिवाणूचे पहिले दर्शन रॉबर्ट कॉख यांना १८८३ साली, कॉलऱ्याचा शोध घेण्यासाठी ते इजिप्तमध्ये गेले असताना, तेथील लोकांच्या दुखऱ्या डोळ्यांत घडले होते. तिसरा प्रकार वावड्याचा. त्यात दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी असह्य खाज सुटते, धूळ, परागकण किंवा ऋतुमान यांच्याशी त्याचा संबंध जुळतो, आणि तो एकाचा दुसऱ्याला मुळीच लागत नाही. म्हणून ज्या मुलाचे डोळे दर उन्हाळ्यात खाजून लाल होतात त्याला शाळेबाहेर बसविणे हा अन्याय आहे, आणि ज्याचे डोळे पाण्याने डबडबले आहेत त्याला शाळेत पाठविणे हा इतर मुलांवरचा अन्याय आहे.

विषाणूंमुळे येणाऱ्या साथींत आणखी एक भेद आहे. अॅडिनोव्हायरस नावाच्या विषाणूची बाधा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः पाच ते बारा दिवस जातात, आणि विकार दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. याउलट रक्तस्रावी नेत्रशोथ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साथीत बाधेनंतर एक-दोन दिवसांतच डोळा एकाएकी सुजतो, पांढऱ्या भागावर रक्ताचे ठिपके अथवा पट्टे उमटतात, पाहणाऱ्याला भय वाटावे असे स्वरूप त्याला येते, आणि तरीही बहुधा आठ-दहा दिवसांच्या आत तो आपोआप निवळतो. या दुसऱ्या प्रकाराचा इतिहास फार जुना नाही आणि त्यात मुंबई शहराचे स्थान महत्त्वाचे आहे. १९६९ साली आफ्रिकेतील घाना देशाच्या आक्रा या राजधानीत ही साथ प्रथम ओळखली गेली. त्याच सुमारास अपोलो ११ या यानातून माणूस चंद्रावर उतरल्यामुळे तेथील लोकांनी तिला ‘अपोलो’ हेच नाव दिले. तेथून ती देशोदेशी पसरत १९७१ साली भारतात पोहोचली. बंगालमध्ये त्या वेळी पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत असल्यामुळे कलकत्त्याच्या लोकांनी तिला ‘जय बांगला’ म्हणावयास आरंभ केला, आणि मुंबईतही त्याच वर्षी ती मोठ्या प्रमाणावर उद्भवली.

मुंबईतील या साथीनंतर काही आठवड्यांनी, जे. जे. रुग्णालयातील मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांचे सहकारी यांच्या असे ध्यानात आले की, पायांत तीव्र कळा येऊन मग ते लुळे पडलेले काही रुग्ण, ज्यांचा आजार पाहता पोलिओच आठवावा परंतु जे वयाने प्रौढ आहेत, ते आपल्या हकिगतीत काही दिवसांपूर्वी डोळे आल्याचे सांगत आहेत. डोळ्यांच्या किरकोळ वाटणाऱ्या दुखण्याचा मज्जारज्जूच्या विकाराशी संबंध असू शकतो, हे त्यांनी १९७२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडले. या साथीला कारण झालेला विषाणू एन्टेरोव्हायरस ७० हा असल्याचे जपानी संशोधकांनी दाखवून दिले. तो पोलिओच्या विषाणूच्याच कुळातला आहे. अशी गुंतागुंत अत्यंत विरळ, लक्षावधी रुग्णांत मोजक्यांच्याच वाट्याला येणारी होती, आणि आजच्या साथींत सापडणारा विषाणू बहुधा निराळा, कॉक्सॅकीव्हायरस ए २४ या नावाचा असतो, जो प्रथम १९७० साली सिंगापूरमध्ये आढळला आणि २०२३ च्या साथीत भारतातही सापडला. तेव्हा ही हकिगत कोणाला घाबरवण्यासाठी सांगितलेली नाही. ती सांगण्याचा हेतू एवढाच की, रुग्णाने सहज म्हणून सांगितलेली गोष्ट लक्ष देऊन ऐकणाऱ्या वैद्याला ज्ञानाचे केवढे दालन खुले होते, याचे ते आपल्याच भूमीवरील उदाहरण आहे. आणि डोळे आल्यानंतर काही दिवसांनी हातापायांत बळ कमी वाटू लागल्यास ते अंगावर काढू नये, ही शिकवण त्यातूनच मिळालेली आहे.

आता प्रसाराच्या वाटेकडे वळू. आपल्या प्राचीन वैद्यकाला ही वाट अज्ञात नव्हती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, माणसाकडून माणसाकडे संक्रांत होणाऱ्या रोगांची गणना करताना, कुष्ठ, ज्वर आणि शोष यांच्या पंक्तीत नेत्राभिष्यंदाचेही नाव घेतलेले आहे; आणि हे रोग अंगस्पर्श, श्वास, सहभोजन, एकाच शय्येवर व आसनावर बसणे-निजणे, तसेच दुसऱ्याची वस्त्रे, माळा आणि उटणी वापरणे यांमुळे पसरतात असे त्यात सांगितले आहे. या यादीत रोग्याच्या नजरेचा उल्लेख नाही, वस्त्रांचा आहे. आधुनिक शास्त्रानेही याच गोष्टीला पुष्टी दिलेली आहे. रोग्याच्या अश्रूंत विषाणू असतात. तो डोळा चोळतो, ते त्याच्या बोटांवर येतात. तेथून दाराच्या कडीवर, मोबाइलवर, नळाच्या तोटीवर, एसटीच्या दांड्यावर उतरतात. आणि दुसरा माणूस तेथे हात लावून तोच हात स्वतःच्या डोळ्याला लावतो, तेव्हा त्यांचा प्रवास पूर्ण होतो. अॅडिनोव्हायरस तर कोरड्या पृष्ठभागावर काही आठवडेपर्यंत जिवंत राहू शकतो. काळ्या चष्म्याने रोग्याला उजेडाचा त्रास कमी होतो आणि डोळ्याकडे जाणारा त्याचा हात काही वेळा अडतो, एवढाच त्याचा उपयोग. नजर अडविण्यासाठी त्याची काही गरज नाही.

घरात हा प्रवास कसा घडतो, हे जवळून पाहावे. सकाळची वेळ आहे. धाकट्या मुलाच्या पापण्या चिपड्यांनी चिकटल्या आहेत आणि तो रडत आहे. आई त्याला मांडीवर घेते, पदराचे टोक पाण्यात भिजवून मायेने त्याचे डोळे पुसते, आणि तोच पदर कमरेला खोचून कामाला लागते. थोड्या वेळाने थोरल्या मुलीच्या तोंडाला लागलेला चहा ती त्याच पदराने टिपते, आणि चुलीच्या धुराने स्वतःच्या डोळ्यांत पाणी आले की तोच पदर स्वतःच्या डोळ्यांना लावते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरातील तिघांचे डोळे येतात आणि सगळे म्हणतात, वाराच तसा सुटला आहे. यात त्या माउलीचा दोष नाही. तिला ही वाट कोणी समजावून सांगितलेली नसते. म्हाताऱ्या माणसांच्या खांद्यावरचे उपरणे, न्हाणीतील खुंटीवर सगळ्यांसाठी टांगलेला एकच टॉवेल, उशीचा समाईक अभ्रा, आणि एकाच डबीतून एकाच बोटाने सर्व मुलांना घातले जाणारे काजळ, ही सर्व याच वाटेवरची ठिकाणे होत. भोकरदन तालुक्यात, विशेषतः पिंपळगाव रेणुकाई आणि त्याच्या आसपासच्या गावांत, हिरव्या मिरचीचे पीक मोठे. तोडणीला गेलेल्या बायामाणसांना बोटांची आग होत असताना डोळ्याला हात लावू नये हे कोणी शिकवावे लागत नाही, कारण चुकीची शिक्षा तत्काळ मिळते. साथीच्या दिवसांत प्रत्येकाने आपल्या हाताला मिरची लागलेली आहे असे समजून वागावे, याहून अधिक नेमका नियम सांगता येणार नाही.

उपचाराचा विचार करताना प्रथम हे मान्य केले पाहिजे की, विषाणूंमुळे आलेल्या डोळ्यांवर त्या विषाणूंनाच मारणारे औषध आजमितीस नित्याच्या उपयोगात नाही. शरीर स्वतःच त्यांचा बंदोबस्त करते, आणि तोवर डोळ्याला आराम देणे व दुसऱ्या उपसर्गापासून जपणे एवढेच आपल्या हाती असते. पाणी उकळून निववावे, साबणाने हात धुवावेत, कापसाचा स्वच्छ बोळा त्या पाण्यात भिजवून पिळावा, मिटलेल्या पापणीवरून नाकाकडील कोपऱ्यापासून कानाकडे एकदाच फिरवावा आणि टाकून द्यावा. दुसऱ्या डोळ्याला दुसरा बोळा घ्यावा, आणि पुन्हा हात धुवावेत. स्वच्छ कापडाची थंड पाण्याची घडी मिटलेल्या डोळ्यांवर ठेवल्याने ठणका व सूज उतरते. ती घडीही ज्याची त्याचीच असावी. अॅडिनोव्हायरससारख्या विषाणूंवर हातांना लावण्याच्या सॅनिटायझरचा परिणाम कमी होतो. साबण आणि वाहते पाणी हेच अधिक खात्रीचे. दूध, मध, कांद्याचा रस, तुरटीचे पाणी, गुलाबपाणी किंवा कोणाच्या सांगण्यावरून आणलेला झाडपाल्याचा रस डोळ्यांत घालू नये. त्यांत जंतू असू शकतात, आणि आधीच सोललेल्याप्रमाणे झालेल्या त्या पडद्याला त्यांची इजा होते.

डॉक्टरांनी थेंब दिले असतील तर ते घालण्याचीही रीत आहे. मान मागे करून खालची पापणी बोटाने हलकेच ओढावी म्हणजे तेथे लहानशी खाच तयार होते; त्या खाचेत एक थेंब सोडावा; बाटलीचे टोक पापणीला, केसाला किंवा बोटाला लागू देऊ नये; मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर बोटाने दाबून धरावा. एक बाटली एकाच माणसाची असावी, आणि उघडल्यापासून महिनाभराने ती टाकून द्यावी. जिवाणूंचा उपसर्ग असेल तर प्रतिजैविक थेंबांनी लवकर उतार पडतो. परंतु औषधाच्या दुकानात जाऊन ‘डोळ्याचे थेंब द्या’ असे म्हणण्याची जी सवय पडलेली आहे, तिच्यात एक गंभीर धोका दडलेला आहे. पुष्कळ थेंबांत प्रतिजैविकाच्या जोडीला स्टेरॉइड मिसळलेले असते. ते घातल्याबरोबर लाली झपाट्याने ओसरते, रुग्णाला गुण आल्यासारखे वाटते, आणि त्यामुळेच ते फसवे ठरते; कारण स्टेरॉइडने डोळ्याची स्वतःची प्रतिकारशक्ती दबते, नागीण-कुळातील विषाणूची किंवा बुरशीची जखम असल्यास ती आत खोल जाते, आणि दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू व मोतीबिंदू हे दोन्ही विकार ओढवतात. डोळा पाहिल्याशिवाय स्टेरॉइडचे थेंब घालू नयेत, आणि मागच्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली या वर्षी काढू नये, हे गावागावांत निक्षून सांगितले पाहिजे.

यापुढचा भाग मी विशेष आग्रहाने लिहीत आहे, कारण लाल झालेला प्रत्येक डोळा हा ‘आलेला’ डोळा नसतो, आणि साथीच्या गर्दीत दृष्टी घेणारे आजार नजरेआड होतात. डोळे आल्याने खुपते, गळते, चिकटते. पण चिपडे पुसल्यावर दिसते पूर्वीसारखेच. म्हणून नजर अंधुक झाली, डोळा नुसता न खुपता आतून ठणकू लागला, उजेड मुळीच सोसेना, किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला, तर तो दिवस घरी घालवू नये. मक्याच्या पानाची धार, ज्वारीचे धाट, कापसाचे वाळलेले बोंड किंवा मळणीच्या वेळी उडालेला कण लागून बुबुळावर जखम होते, तीत बुरशी शिरते, आणि वेळेवर उपचार न झाल्यास फूल पडून तो डोळा कायमचा जातो. शेतीत राबणाऱ्यांवर येणारे हे संकट ‘डोळे आले असतील’ या एका समजुतीमुळे आठ-आठ दिवस अंगावर काढले जाते. एकच डोळा लाल होऊन कपाळ दुखत असेल, उलट्या होत असतील आणि दिव्याभोवती रंगीत वर्तुळे दिसत असतील, तर तो काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. फवारणीचे औषध किंवा चुना डोळ्यांत गेला तर दवाखान्याकडे निघण्यापूर्वी तेथल्या तेथे भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा दीर्घकाळ धुवावा. तेथे क्षणांना महत्त्व आहे.

नवजात अर्भकाची गोष्ट तर सर्वस्वी निराळी. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात बाळाचे डोळे पुवाने भरले तर ते प्रसूतीच्या वेळी मातेकडून आलेल्या जंतूंमुळे असण्याचा संभव असतो, आणि त्यांतील एका प्रकारात बुबुळाला थोड्याच दिवसांत छिद्र पडून अंधत्व येते. एके काळी युरोपातील अंधशाळांत अशा मुलांचा भरणा मोठा होता. लाइपझिग येथील कार्ल क्रेडे यांनी १८८०-८१ च्या सुमारास जन्मतःच बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्याची पद्धत सुरू केली आणि हे अंधत्व पुष्कळ अंशी हटले. म्हणून बाळंतिणीच्या खोलीत काजळ, दूध किंवा अन्य घरगुती उपचारांना थारा न देता त्या बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले पाहिजे.

संसर्गजन्य नेत्रविकारांचा बंदोबस्त करता येतो, याचा दाखला आपल्या देशाने नुकताच दिलेला आहे. खुपऱ्या, ज्याला ट्रॅकोमा म्हणतात, त्या जिवाणूजन्य रोगाने एके काळी भारतातील असंख्य माणसांची दृष्टी हिरावली होती. १९६३ साली राष्ट्रीय ट्रॅकोमा नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९७६ साली त्याचा अंतर्भाव अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात झाला, आणि औषधांच्या जोडीला तोंड धुण्याची सवय, पुरेसे पाणी व परिसराची स्वच्छता या साध्या उपायांवर भर देत गेल्यामुळे, ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून ट्रॅकोमाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. जो देश हे करू शकतो, त्या देशातील एका गावाला पावसाळ्यातील डोळ्यांची साथ आटोक्यात ठेवणे अशक्य नाही.

त्यासाठी लागणारी सामग्री महाग नाही, पण ती ठरवून पुरवावी लागते. शाळेत हात धुण्याच्या जागी साबण आणि वाहते पाणी असावे. गुरुजींनी सकाळच्या हजेरीबरोबर मुलांचे डोळे पाहावेत, आणि ज्याचे डोळे गळत आहेत त्याला स्राव थांबेपर्यंत घरी राहू द्यावे, त्याची गैरहजेरी त्याच्या अंगावर मांडू नये. आशा कार्यकर्तीने साथ दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्रास वर्दी द्यावी, आणि ग्रामपंचायतीने दवंडीबरोबरच पाण्याचीही व्यवस्था पाहावी, कारण जेथे हंडाभर पाण्यासाठी खेप घालावी लागते तेथे वारंवार हात धुण्याचा उपदेश पोकळ ठरतो. रोजंदारीवर जाणाऱ्याला दोन दिवस घरी बसणे परवडत नाही हेही खरे. अशा वेळी त्याने निदान आपला टॉवेल आणि पाण्याचा तांब्या वेगळा ठेवावा व डोळ्याला हात लागताच तो धुवावा. ज्याचे डोळे आले आहेत तो अपराधी नाही, त्याला वाळीत टाकण्याचे काही कारण नाही. त्याच्याशी बोलावे, त्याच्या डोळ्यांत पाहूनच बोलावे. त्याचे स्वतःचे डोळे बहुधा आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरे होणारच आहेत. शेजाऱ्याचे डोळे येऊ न देणे हे मात्र आपोआप होत नाही. ते प्रत्येकाला आपल्या दोन हातांनी, दिवसातून अनेकदा, करावे लागते.